संशयाचा भार कोणाच्या डोक्यावर? ज्यू धर्मशास्त्रातला कडकपणा, मुभा आणि आपले बेने इस्राएल



गेल्या दोन व्याख्यानांत आपण नियम आणि अपवाद यांविषयी बोललो. आज तोच धागा जरा लांबच्या शास्त्रात नेऊन बघू. ते शास्त्र म्हणजे ज्यू लोकांचं धर्मशास्त्र. त्याला ते 'हलाखा' म्हणतात. यवतमाळात बसून ज्यूंचं धर्मशास्त्र काऊन शिकायचं, असं कोणी मनात म्हणत असेल तर थोडा दम धरा. हा वाद फिरत फिरत कोकणातल्या मराठी माणसांपर्यंत येतो आणि तिथून आपल्या जिल्ह्यातही येतो.

सुरुवात कॅलेंडरपासून करू. काही महिन्यांत लागोपाठ दोन दिवस एकादशी छापलेली असते. एका चौकोनात 'स्मार्त' लिहिलेलं असतं, दुसऱ्यात 'भागवत'. तिथीचा हिशेब दोन परंपरा दोन तऱ्हेने करतात, म्हणून हे घडतं. आता ज्याला आपली परंपरा कोणती हेच नक्की माहीत नाही, त्याने काय करायचं? घरातली आजी म्हणते, "दोन्ही दिवस धरते, भानगडच नको." आणि तिचा नातू पहिल्या दिवशी म्हणतो "मी भागवत", दुसऱ्या दिवशी म्हणतो "मी स्मार्त", आणि दोन्ही दिवस पोटभर जेवतो!

तालमूद या ज्यूंच्या महाग्रंथात, म्हणजे साधारण दीड हजार वर्षांपूर्वी, नेमक्या या दोघांचा विचार केलेला आहे. त्या काळी हिल्लेल आणि शम्माई या दोन आचार्यांच्या नावाने दोन पीठं प्रसिद्ध होती. त्यांच्यात शेकडो बाबतींत मतभेद होते. तालमूदचं म्हणणं असं, की दोन्ही पीठांच्या फक्त सवलती उचलणारा माणूस दुष्ट. आपल्या नातवाचं हे वर्णन आपल्याला लगेच पटतं. पण पुढे म्हटलंय की दोन्ही पीठांचा फक्त कडकपणा उचलणारा माणूस अंधारात चालणाऱ्या मूर्खासारखा आहे. इथे आपण अडखळतो. आजी मूर्ख कशी? ती तर जास्तच धार्मिक!

आजचं व्याख्यान या अडखळण्याबद्दल आहे. आपल्या मनात एक समजूत फार खोल बसलेली असते. संशय आला की कडक बाजू धरावी, म्हणजे चूक होणार नाही. मुभा देणाऱ्याने कारण द्यावं, मनाई करणाऱ्याने देण्याची गरज नाही. हलाखाच्या अभ्यासकांनी ही समजूत शतकानुशतकं तपासून पाहिली, आणि त्यांचं उत्तर आपल्याला वाटतं तितकं सरळ नाही.

कडक असणं सोपं का?

आधी एक गोष्ट स्पष्ट करू. हलाखा हे सौम्य शास्त्र आहे असं आम्ही म्हणत नाही. शब्बाथच्या दिवशी, म्हणजे शुक्रवारी सूर्यास्तापासून शनिवारी रात्र पडेपर्यंत, काय करू नये याची यादीच मोठी आहे. पण त्याच शास्त्राचा नियम आहे की जीव धोक्यात असेल तर शब्बाथ मोडायचा. धोका आहे की नाही याचा नुसता संशय असला तरी मोडायचा. घर कोसळलं, आत माणूस आहे की नाही ठाऊक नाही, असला तर जिवंत आहे की नाही ठाऊक नाही, तरी ढिगारा उपसायचा. जो लगेच धावतो त्याची प्रशंसा होते. जो धर्मगुरूला विचारत बसतो त्याला शास्त्र दोष देतं. म्हणजे इथे संशयाचा फायदा जिवाला मिळतो.

बाकीच्या संशयांसाठी एक उतरंड आहे. मूळ तोराचा, म्हणजे मोशेच्या पाच ग्रंथांचा, नियम असेल आणि वस्तुस्थितीबद्दल संशय असेल, तर कडक बाजू. नंतरच्या पंडितांनी घातलेला नियम असेल, तर सौम्य बाजू. आणि संशयाच्या पोटात आणखी एक संशय असेल, तर तोराच्या नियमातही बहुतेक वेळा सौम्य बाजू. याला 'दुहेरी संशय' म्हणतात. आपल्या नव्यन्यायाच्या पंडितांना आवडावा असाच हा हिशेब आहे!

अकराव्या शतकात फ्रान्समध्ये राशी नावाचे मोठे भाष्यकार होऊन गेले (१०४०-११०५). तालमूदमध्ये एके ठिकाणी म्हटलंय की परवानगी देण्यातलं बळ श्रेष्ठ. हे कसं, असा प्रश्न राशींनी घेतला. त्यांच्या स्पष्टीकरणाचा आशय असा, की परवानगी देणारा पंडित स्वतःच्या ज्ञानावर उभा असतो. त्याला परंपरा नीट माहीत असावी लागते, आणि चुकलो तर जबाबदारी आपली, हे त्याने पत्करलेलं असतं. उलट, मनाई कोणालाही करता येते. ज्याला काही येत नाही, तोही "नको, राहू द्या" असं म्हणू शकतो. तेव्हा मनाई ऐकली म्हणजे मागे विद्या आहेच, असं धरता येत नाही.

आता आजीबद्दलचा तो शब्द समजतो. तिची भक्ती खोटी नाही. पण दोन्ही दिवस उपास धरण्यामागे निर्णय नाही, निर्णय टाळणं आहे. आणि एक महत्त्वाची गोष्ट: आजी तो उपास स्वतःच्या पोटाला चिमटा घेऊन करते, म्हणून कोणाची तक्रार नाही. हीच आजी अंगावर पाजणाऱ्या सुनेला म्हणाली, "तूही दोन्ही दिवस धर," तर? तोच कडकपणा आता दुसऱ्याच्या पोटाला लागला. आजीचा संशय फिटला, त्याची किंमत सुनेने मोजली.

हलाखात याचं सर्वांत प्रसिद्ध उदाहरण 'अगुना'चं आहे. अगुना म्हणजे नांगरून ठेवलेली बाई. नवरा समुद्रावर गेला, लढाईत गेला आणि परत आला नाही. मेल्याचा पुरावा नाही. मग ती ना सधवा, ना विधवा. एरवी अशा बाबतीत दोन साक्षीदार लागतात. इथे पंडितांनी एकाच साक्षीदारावर, तेही एरवी ज्यांची साक्ष चालत नसे अशांच्या साक्षीवरही, तिला मोकळं करायचं ठरवलं. त्यांचा तर्क ऐकण्यासारखा आहे. समजा तिने दुसरं लग्न केलं आणि पहिला नवरा जिवंत परत आला, तर परिणाम फार भयंकर आहेत, दोघांनाही तिला सोडावं लागतं. म्हणून ती स्वतःच पुरती खात्री करून घेईल. शेवट इतका कडक आहे, म्हणून सुरुवातीला सवलत. दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपातल्या हजारो बायकांचे नवरे छळछावण्यांत नाहीसे झाले होते. तेव्हा रब्बींनी याच मार्गाने त्यांना मोकळं केलं.

शनिवारी घाणा बंद ठेवणारे

आता कोकणात येऊ. रायगड जिल्ह्यात, जुन्या कुलाबा जिल्ह्यात, तेल गाळणारी काही कुटुंबं होती. शनिवारी त्यांचा घाणा बंद असे. म्हणून शेजारी त्यांना 'शनवार तेली' म्हणत. हेच बेने इस्राएल. त्यांची परंपरा सांगते की अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर त्यांच्या पूर्वजांचं जहाज फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या आणि सोबतचे धर्मग्रंथ समुद्रात गेले. मग ग्रंथाशिवाय जे लक्षात राहिलं ते त्यांनी धरून ठेवलं: शनिवार पाळणं, आठव्या दिवशी मुलाची सुंता, खाण्यापिण्याचे नियम, आणि 'शेमा' ही एकेश्वराची प्रार्थना. गावांवरून आडनावं पडली: पेणकर, रोहेकर, किहीमकर, दिवेकर. घरची भाषा मराठी, बायकांचं नेसणं आपल्यासारखं. एलिया संदेष्ट्याच्या नावाने ते 'मलिदा' करतात, त्यात पोहे आणि नारळ असतो. पुढे बरीच कुटुंबं मुंबईला गेली. १७९६ मध्ये तिथे त्यांचं पहिलं सिनेगॉग उभं राहिलं. हाइम सॅम्युएल किहीमकर यांनी या समाजाचा मोठा इतिहास लिहून १८९७ मध्ये पुरा केला. तो १९३७ मध्ये तेल अवीवला छापला गेला.

एक तपशील पुढच्या वादासाठी ध्यानात ठेवा. आजूबाजूच्या हिंदू समाजाची रीत त्यांच्यातही उतरली होती. विधवेचं दुसरं लग्न ते सहसा करत नसत, आणि घटस्फोट फार क्वचित होई.

मुंबईत त्यांची गाठ दुसऱ्या ज्यूंशी पडली. बगदादहून आलेले हे व्यापारी, ससून घराण्यासारखे. बेने इस्राएलांना पूर्णपणे आपल्यात धरावं की नाही, याबद्दल बगदादी मंडळी कचरत असत. एकोणिसाव्या शतकापासून याबद्दलचे प्रश्न बाहेरच्या रब्बींकडे जाऊ लागले. तेव्हा हा प्रश्न पंगतीचा आणि सोयरिकीचा होता. १९४८ नंतर तो सरकारी नोंदवहीचा झाला.

कारण असं, की इस्राएल देश स्थापन झाल्यावर बेने इस्राएल हजारोंनी तिकडे गेले, आणि तिथे ज्यूंचं लग्न लावायचा अधिकार कायद्याने रब्बींच्या हाती आहे. १९५३ च्या कायद्याने ते पक्कं झालं. आपल्याकडच्या विशेष विवाह कायद्यासारखी नोंदणी लग्नाची सोय तिथे नाही. लग्न लावणाऱ्या रब्बीने "तुमच्याबद्दल संशय आहे" असं म्हटलं, की जोडप्याला देशात दुसरं दार उरत नाही. आणि काही रब्बी तसं म्हणू लागले.

संशय नेमका कसला?

संशय ते ज्यू आहेत की नाहीत, एवढाच नव्हता. बोचरा भाग होता 'मामझेर'चा. हा शब्द समजून घ्यायला हवा. अविवाहित आईचं मूल म्हणजे मामझेर, असं नव्हे. एकाची बायको असताना दुसऱ्यापासून झालेलं मूल, किंवा अगदी जवळच्या निषिद्ध नात्यातून झालेलं मूल, म्हणजे मामझेर. तो ज्यूच असतो. पण सामान्य ज्यू कुटुंबात त्याला लग्न करता येत नाही, आणि हा दोष पुढच्या पिढ्यांना लागत जातो. मुलाचा स्वतःचा काहीही अपराध नसताना! या नियमाचं ओझं जुन्या पंडितांनाही जाणवत होतं.

आता ज्यू घटस्फोटाला 'गेट' नावाचा लेखी दस्त लागतो. ठरावीक पद्धतीने लिहिलेला, साक्षीदारांपुढे बायकोच्या हाती दिलेला. कोकणातल्या खेड्यात असा दस्त लिहिणारा कोण होता? तेव्हा संशयाची साखळी अशी तयार झाली: एखाद्या पणजीने गावच्या रीतीने काडीमोड घेतला असेल, तो हलाखाच्या दृष्टीने घटस्फोट नव्हता, तरी तिने दुसरं लग्न केलं असेल, मग त्या लग्नाची मुलं मामझेर, मग आज समोर उभी असलेली मुलगीही कदाचित त्याच वंशातली.

१९६१ मध्ये इस्राएलच्या मुख्य रब्बी-मंडळाने निर्णय दिला की बेने इस्राएलांशी सरसकट लग्नबंदी घालायला आधार नाही. तेव्हाचे सेफार्दी मुख्य रब्बी यित्झाक निस्सीम स्वतः बगदादचे. इथवर हा मुभेचा निर्णय होता. पण १९६२ मध्ये अंमलबजावणीच्या सूचना निघाल्या. बेने इस्राएल वर किंवा वधू आली तर तिची आई, आईची आई, असं शक्य तितकं मागे जाऊन तपासा. आईवडील, आजीआजोबा यांच्यात कोणाचा घटस्फोटानंतर पुनर्विवाह झाला होता का, निषिद्ध नात्यात लग्न झालं होतं का, हे विचारा. संशय आला तर धार्मिक न्यायालयाकडे पाठवा.

तत्त्वात मुभा होती, आणि हाती जो कागद दिला त्यात कडकपणा होता. पोलंडहून आलेल्या जोडप्यापुढे हा कागद येत नव्हता. तो आडनावाच्या शेवटी 'कर' असलेल्या जोडप्यापुढे येत होता.

कडक बाजूचं म्हणणं

तत्त्वज्ञानाच्या वर्गात आम्ही विद्यार्थ्यांना एक सवय लावायचो. ज्या बाजूला आपला कल नाही, तिचं म्हणणं आधी तिच्या उत्तम रूपात मांडा. तेच इथे करू.

कडक रब्बींचे मुद्दे तीन. पहिला, विवाहाचा विषय तोराचा आहे, तेव्हा संशयात कडक बाजू धरणं हाच नियम. दुसरा, इथली चूक सुधारता येत नाही. आज सवलत दिली आणि उद्या दोष निघाला, तर तोवर मुलं झालेली असतात, आणि त्यांचं आयुष्य त्यात सापडतं. तिसरा मुद्दा सर्वांत वजनदार. मुख्य रब्बी-मंडळ ढिलं आहे असं कर्मठ लोकांना वाटलं, तर ते आपल्या वेगळ्या वंशावळ्या ठेवतील आणि बाकीच्यांशी सोयरीकच बंद करतील. मग एका समाजाचे दोन समाज होतील. म्हणजे आजचा थोडा कडकपणा उद्याची फूट टाळण्यासाठी.

यात दुष्टपणा कुठे दिसतो? आम्हाला तरी दिसत नाही. आपल्याला नेमून दिलेल्या ठेवीची राखण करणाऱ्या माणसाची ही काळजी आहे.

आता दुसरी बाजू. तीही हलाखाच्याच आतली आहे, हे विसरू नका. ती "जग बदललंय, जुनं सोडा" असं म्हणत नाही.

एक, जो समाज पिढ्यान् पिढ्या ज्यू म्हणून नांदला, त्याच्या बाजूने शास्त्रात एक गृहीत धरलेलं असतं. त्याला 'हझाका' म्हणतात. आपल्या भाषेत वहिवाट म्हणा. वहिवाट मोडायची तर पुरावा मोडणाऱ्याने आणायचा. दोन, हा संशय दुहेरी आहे. या मुलीच्या वंशात घटस्फोटित बाईचा पुनर्विवाह मुळात झाला होता का, हा एक संशय. झाला असेल, तर तिचं पहिलं लग्न तरी हलाखाच्या अटींनी, योग्य साक्षीदारांपुढे लागलं होतं का, हा दुसरा. पहिलं लग्नच शास्त्राने पक्कं नसेल, तर गेटची गरजच नव्हती. तीन, ज्या समाजात घटस्फोट क्वचित आणि विधवेचंही लग्न होत नसे, तिथे ही साखळी पहिल्याच कडीला तुटते. यातली गंमत पाहा! शेजाऱ्यांकडून घेतलेला, स्वतःच्या शास्त्रात नसलेला कडकपणा इथे त्यांच्या शुद्धतेचा साक्षीदार झाला. पण त्या साक्षीची किंमत ज्या विधवांनी आयुष्यभर मोजली, त्यांची नावंही कुठे राहिली नाहीत.

चौथा मुद्दा सर्वांत जुना. नक्की मामझेर असलेल्यालाच मूळ तोराची मनाई आहे, नुसत्या संशयाला नाही, असं तालमूदने म्हटलंय. संशयिताची मनाई पंडितांनी नंतर घातली. आणि जे कुटुंब समाजात मिसळून गेलं, ते मिसळू द्यावं, जुनं उकरू नये, असाही दंडक तिथेच आहे. सोळाव्या शतकात क्रॅकोचे रब्बी मोशे इस्सरलेस यांनी तर तो असा मांडला, की एखाद्याला अशा कुटुंबाचा दोष ठाऊक असला तरी त्याने तो उघड करू नये. म्हणजे वंशाच्या शुद्धतेबद्दल इतकं कडक असलेलं शास्त्र, त्याच विषयात "खणू नका" असंही सांगतं. इथे न शोधणं हेच कर्तव्य ठरतं.

आणि हिल्लेल-शम्माईंची आठवण इथेच हवी. विवाहाच्या काही नियमांत त्यांचे मतभेद इतके खोल होते, की एका पीठाने मान्य केलेल्या लग्नाची मुलं दुसऱ्याच्या नियमाने सदोष ठरू शकत. तरी दोन्ही पीठांनी एकमेकांत सोयरिकी थांबवल्या नाहीत, असं तालमूद नोंदवतं. निर्णय बहुतेक वेळा हिल्लेलच्या बाजूने का गेला, याचंही कारण दिलंय: ते सौम्य होते, आणि आपलं मत सांगण्याआधी शम्माईचं मत सांगत.

पत्ता बदलला

१९६४ च्या उन्हाळ्यात बेने इस्राएल जेरुसलेममध्ये धरणं धरून बसले. बायका, मुलं, म्हातारी माणसं. मागणी एवढीच होती, की आमच्या समाजाचं नाव घालून काढलेला नियम मागे घ्या. ऑगस्टमध्ये त्यासाठी संसदेचं खास अधिवेशन भरलं. पंतप्रधान लेव्ही एश्कोल यांच्या सरकारने जाहीर केलं की बेने इस्राएल सर्व बाबतींत इतर ज्यूंच्या बरोबरीचे आहेत, आणि रब्बी-मंडळाने संशयाची कारणं दूर करावीत. महिना संपता संपता रब्बी-मंडळाने सूचनांमधून 'बेने इस्राएल' हे नाव काढलं. त्या जागी, ज्या कोणाच्या बाबतीत संशय असेल त्याची चौकशी करावी, असा शब्दप्रयोग आला.

वरवर बघितलं तर काय बदललं? चौकशी राहिली, मामझेरचा नियम राहिला, गेटही राहिला. कडक बाजूला शास्त्र सोडावं लागलं नाही. बदलला तो नियमाचा पत्ता. आधी संशय समाजाच्या नावावर होता आणि प्रत्येक व्यक्तीने तो स्वतःवरून पुसून दाखवायचा होता. आता संशय घ्यायचा तर समोरच्या माणसाबद्दल काही ठोस कारण असावं लागेल. पणजीच्या नसलेल्या कागदाचा भार मुलीच्या डोक्यावरून उतरून संशय घेणाऱ्याच्या डोक्यावर आला. आमच्या मते त्या वादातून शिकण्यासारखी मुख्य गोष्ट ही आहे. व्यवहारात सगळं लगेच सुरळीत झालं असं मात्र समजू नका. मनातला संशय परिपत्रकाने जात नाही.

त्या मंडळींनी मराठी सोडली नाही, हेही जाता जाता सांगतो. इस्राएलमध्ये त्यांनी 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिक चालवलं. आणि इथे राहिलेल्या मूठभर ज्यूंना महाराष्ट्र सरकारने २०१६ मध्ये अल्पसंख्याक दर्जा दिला.

आपल्या अंगणात

हा सगळा खटाटोप आपल्या काय कामाचा? दोन ठिकाणी लावून बघू.

१८७० मध्ये पुण्यात शंकराचार्यांपुढे विधवाविवाहाचा मोठा शास्त्रार्थ झाला. विधवाविवाहाच्या बाजूने विष्णुशास्त्री पंडित उभे होते. कायदा तर १८५६ मध्येच झाला होता. प्रश्न होता शास्त्राचा. पराशरस्मृतीत आधार आहे असं एक बाजू म्हणे, कलियुगात तो चालत नाही असं दुसरी. पंचांचं बहुमत पुनर्विवाहाच्या विरुद्ध गेलं. संशयात कडक बाजू! पण त्या कडकपणाने पंचांपैकी कोणाच्या ताटातला घास कमी झाला? किंमत मोजणाऱ्या पोरी दहा-बारा वर्षांच्या होत्या, आणि त्या सभेत नव्हत्या.

दुसरं ठिकाण आपला जिल्हा. 'पात्र' आणि 'अपात्र' हे शब्द यवतमाळ जिल्ह्यात शाळकरी पोरालाही कळतात. शेतकऱ्याने आत्महत्या केली की मदतीचं प्रकरण जिल्हा समितीपुढे जातं. मदत एक लाख रुपयांची. शेती नावावर होती का, मान्यताप्राप्त संस्थेचं कर्ज थकलं होतं का, वसुलीचा तगादा होता का, हे बघितलं जातं. नियम हवेतच. पैसा जनतेचा आहे, आणि खोटं प्रकरण कोणी घुसवू नये ही काळजी रास्त आहे. कडक बाजूचं म्हणणं इथेही उत्तम रूपात मांडू या.

पण समजा शेत मक्त्याने केलेलं होतं आणि कराराचा कागद नव्हता. कर्ज गावातल्या माणसाचं होतं, त्याने चिठ्ठी दिली नाही. तगादा तोंडी होता. आता कागदावर संशय आहे. 'अपात्र' असा शेरा मारणं सोपं आहे, त्यावर ऑडिटवाले कधी प्रश्न विचारत नाहीत. 'पात्र' लिहायचं तर गावात जाऊन चौकशी करावी लागते, कारणं लिहावी लागतात, सही करून जबाबदारी घ्यावी लागते. राशींनी नऊशे वर्षांपूर्वी जे ओळखलं ते हेच. मनाई करायला विद्या लागत नाही. आणि अपात्र ठरवण्यातली सुरक्षितता असते सही करणाऱ्याची. भार असतो त्या बाईवर, जिच्याजवळ सातबारा नाही, चिठ्ठी नाही, आणि आता माणूसही नाही.

तेव्हा कुठेही संशयाचा निर्णय करायची वेळ आली, घरात, संस्थेत, पंचायतीत, तर तीन प्रश्न विचारावेत असं आम्हाला वाटतं.

पहिला: मी कडक होतोय ते मला माहीत आहे म्हणून, की माहीत करून घ्यायचा कंटाळा आहे म्हणून?

दुसरा: या कडकपणाची किंमत कोण मोजणार, मी की समोरचा? स्वतःच्या बाबतीत हवं तितकं कडक राहा, त्याला व्रत म्हणतात. दुसऱ्याच्या बाबतीत कडक व्हायचं तर आधी अभ्यास करा.

तिसरा: कोणती चूक परत घेता येत नाही? कडक बाजू नेहमी म्हणते की सवलत परत घेता येत नाही. खरं आहे. पण न झालेलं लग्न, थांबून थांबून गेलेली वर्षं, न मिळालेल्या मदतीपायी सुटलेली पोरीची शाळा, यातलं तरी काय परत येतं? तराजूच्या दोन्ही पारड्यांत न फिरणाऱ्या गोष्टी असतात. एकाच पारड्यात बघायची आपल्याला सवय असते, एवढंच.

यावरून मुभा नेहमीच बरोबर असते असा निष्कर्ष कृपा करून काढू नका. भेसळीचा संशय असलेलं औषध "असू द्या" म्हणून विकू देणारा अधिकारीही दुसऱ्याच्या जिवावरच उदार होतो. तिथे कडक बाजूच हवी, आणि हलाखाही तेच म्हणेल, कारण जीव दुसऱ्याचा आहे. प्रश्न कडक की सौम्य एवढाच विचारला तर उत्तर चुकतं. संशयाचा भार ज्याच्या खांद्यावर पडणार, तो ते वजन पेलू शकतो का, आणि ते त्याच्यावर टाकण्याचा आपल्याला अधिकार काय, हेही त्याच वेळी विचारावं लागतं.

पुढच्या व्याख्यानात आपण आपद्धर्माकडे वळू. महाभारतातली विश्वामित्राची गोष्ट तोवर एकदा वाचून या. दुष्काळात तो चांडाळाच्या घरी कुत्र्याचं मांस घ्यायला जातो, आणि चांडाळच त्याला धर्म सांगू लागतो. त्या दोघांत कडक कोण आणि सौम्य कोण, ते ठरवून या. आता तुमचे प्रश्न घेऊ.